थोरल्याच्या नावावर धाकट्याचं रक्त

बिराप्पा हा जतच्या माळावरचा मेंढपाळ. लांडगा आला तर काठी घेऊन धावायचा, पण दवाखान्यातली सुई दिसली की गडी पार गळायचा.

मागच्या साली त्याला कावीळ झाली. डोळे निवळले, तरी मिरजेच्या गोगटे डॉक्टरांनी तपासलं तेव्हा काविळीचा विषाणू रक्तात ठाण मांडून बसलेला. बाप पोटात पाणी होऊन गेला, हे कळल्यावर तर डॉक्टर हात धुऊन मागे लागले. "हा विषाणू राहिला तर पुढं एखाद्याला लिव्हरचा कॅन्सर होतो. आता तो रक्तावरून ओळखायची नवी तपासणी निघालीय. गाठ लहान असतानाच कळली तर काढता येते. अधूनमधून रक्त देऊन जा, मी मुंबईला पाठवतो."

पहिल्या खेपेला त्यानं कसंबसं दिलं. दुसऱ्या खेपेला घोंगडं ओढून तो जो पडला, तो उठेचना. तेव्हा त्याच्या बायकोनं, हरणाबाईनं तोड काढली. धाकटा दीर अर्जुना अंगानं पैलवान होता.

"एका आईच्या पोटचं तुमी. रगात काय येगळं आसतंय व्हय?" ती त्याला म्हणाली. "जा, आण्णाचं नाव सांग आन दिऊन ये."

अर्जुना हसत गेला आणि देऊन आला. रक्त काढणाऱ्यानं कोण आला ते पाहिलंच नाही; दंड दिसला, बास झालं.

तपासणीत कॅन्सरची खूण निघाली. डॉक्टरांनी बिराप्पाला बोलावून पोट दाबदाबून पाहिलं, पुन्हा रक्त घेतलं, तर त्यात ती खूणच नाही! डॉक्टर चक्रावले. हरणाबाई सोबत आली होती. पदर तोंडाला लावून तिनं सगळं सांगून टाकलं.

"अहो बाई, रक्त म्हणजे काय भावकीची सामाईक विहीर आहे?" डॉक्टर कडाडले. "आधी त्याला घेऊन या!"

अर्जुनाला काही म्हणता काही दुखत नव्हतं. पण त्याच्याही रक्तात तोच विषाणू निघाला आणि लिव्हरवर गाठ दिसली. दोघांना आईकडूनच आला असावा, असं डॉक्टर म्हणाले. ऑपरेशन ठरलं.

हरणाबाईनं अन्न सोडलं. नवऱ्यावरचं गंडांतर आपणच नाव बदलून दिरावर ढकललं, असं तिच्या मनानं घेतलं होतं. ती लग्न होऊन आली तेव्हा अर्जुना रांगत होता. तिनंच त्याला वाढवलेला. ज्याचं त्याला परत दे, असं बिरोबा देवाला म्हणावं, तर नवऱ्याचं नाव पुढं येई. तिची जीभ रेटेना.

ऑपरेशनच्या दिवशी दुपारी डॉक्टर बाहेर आले. "कडेलाच होती. लिंबाएवढी. सगळी निघाली. दुखायला लागल्यावर आला असता तर मला हात टेकावे लागले असते."

दुसऱ्या दिवशी अर्जुना नीट बोलू लागला. हरणाबाई त्याच्या खाटेशी वाकली. "माज्यापायी झालं रं लेकरा. आण्णाचं दुखणं तुला दिलं मी."

"आण्णाचं कुटलं? माजंच व्हतं की वैनी," तो हळूच म्हणाला. "तू धाडलं नसतंस तर मी कशाला टोचून घेतोय? मला काय झाल्तं?"

हरणाबाई तिथंच फरशीवर बसली आणि पोटभर रडली. नर्स रागावली, तरी थांबली नाही. फार दिवसांनी तिला असं मोकळं रडता येत होतं.