डॉक्टरांनी दिलेली खुर्ची

डॉक्टर कोलारोवांनी स्वतः खुर्ची ओढून माझ्यासमोर ठेवली आणि म्हणाल्या, "बसा." तिथेच माझ्या पायांतलं बळ गेलं.

आमच्याकडे हॉस्पिटलात नातेवाइकाला कोणी खुर्ची देत नाही. तो दारात टोपी हातात धरून उभा राहतो. डॉक्टर जाता जाता दोन शब्द बोलतात, तेवढे ऐकून घेतो. चॉकलेटचा डबा कोणाच्या हातात द्यायचा याचा अंदाज घेतो. मी सहा वर्षांचा असताना माझे टॉन्सिल काढले, तेव्हा माझ्या आईला आतसुद्धा येऊ दिलं नव्हतं. ती आठवडाभर खाली अंगणात उभी राहून तिसऱ्या मजल्यावरच्या खिडकीकडे हात हलवायची. आजारी असेपर्यंत पोर डॉक्टरांचं, बरं झालं की आईबापांचं. मला यात कधी काही वावगं वाटलं नाही.

मला आयुष्यात एकदाच खुर्ची मिळाली होती. गेल्या ऑक्टोबरात, आमच्या जिल्ह्याच्या हॉस्पिटलात. म्हाताऱ्या डॉक्टरांनी दार लावलं, मला बसवलं आणि विचारलं, तुम्हाला काय वाटतं, तुमचं म्हणणं काय? मी म्हणालो, तुम्ही डॉक्टर, तुम्हाला जास्त कळतं. पाचव्या दिवशी माझी बायको बिस्त्रा गेली. तिला शेवटी घरी यायचं होतं. मला ते माहीत होतं आणि मी बोललो नाही.

आता मार्च होता, हॉस्पिटल राजधानीतलं, सोफियातलं, मुलांचं, आणि आत खाटेवर माझी मुलगी दिमाना होती. सात वर्षांची.

दिमानाच्या डोक्यात जन्मापासून पाणी साठतं. ते पोटात उतरवायला कानामागून एक बारीक नळी कातडीखालून खाली नेली आहे. नळी तुंबली तर पाणी वर साठतं, मेंदू दाबला जातो, आणि वेळेत कळलं नाही तर मूल हातचं जातं. याआधी ती दोनदा तुंबली. दोन्ही वेळा बिस्त्राने ओळखलं, बिस्त्रानेच तिला इथे आणलं. मी पावाची गाडी चालवतो, पहाटे तीनला निघतो आणि दुपारी येऊन झोपतो. हॉस्पिटलचं सगळं तीच पाहायची. ती कशावरून ओळखते, हे मी कधी विचारलं नाही. ती होती ना.

या वेळी दिमानाला शाळेत दोन सकाळी उलटी झाली, बाईंनी फोन केला, आणि मी तिला घेऊन आलो. तीन दिवस झाले होते. आता डॉक्टर कोलारोवा माझ्यासमोर बसल्या होत्या, गुडघ्याला गुडघा लागेल इतक्या जवळ. पस्तिशीच्या असतील. सिस्टर पेन्का दार लावून भिंतीला टेकली होती.

डॉक्टर बोलत होत्या. स्कॅन मागच्या वर्षीसारखाच दिसतोय. पण काही मुलांमध्ये नळी तुंबली तरी स्कॅन बदलत नाही. उलट्या पोटाच्या असू शकतात. मूल गप्प आहे ते आईच्या दुःखानेही असू शकतं. परवापर्यंत थांबता येईल किंवा आजच पुढे जाता येईल. मला शब्द ऐकू येत होते, पण मी सगळा वेळ ते लावलेलं दार पाहत होतो.

मग त्या म्हणाल्या, "आम्ही तिला तीन दिवस पाहतोय, तुम्ही सात वर्षं. तुम्हाला काय वाटतं? तुमचं म्हणणं काय?"

अगदी तेच शब्द.

मी म्हणालो, "मला तिला घरी न्यायचंय."

डॉक्टरांनी सिस्टरकडे पाहिलं. मग मला विचारलं, घरी कशासाठी? मी म्हणालो, मागच्या वेळी बोललो नाही, आता बोलतोय. त्यांना काही कळलं नाही, आणि मलाही नीट सांगता आलं नाही. मी उठलो. त्या मागून म्हणाल्या की असं नेता येणार नाही, आधी मला दहा मिनिटं द्या. मी तोवर वॉर्डात पोचलो होतो.

दिमाना जागी होती, छताकडे पाहत. मी तिला सांगितलं की आपण घरी जातोय. ती म्हणाली, "बरं, बाबा." कधी, का, कसं, काहीही नाही. मी खाटेखालून बॅग काढली आणि तिचे पायमोजे भरायला लागलो. मनात एकच चाललं होतं की घरी तिच्या खाटेवर चादर कुठली घालायची, ढगांची की पिवळी.

शेजारच्या खाटेवर वेलिका आजी आपल्या नातीला घेऊन होती. नात चार वर्षांची, सिल्व्हा. मांजराच्या मागे शिडीवर चढली आणि डोक्यावर पडली. आता ती ठणठणीत होती आणि दिवसभर चमचे फेकत होती.

"बॅग कुठे निघाली?" आजीने विचारलं.

"घरी."

"सोडलं डॉक्टरीणबाईंनी?"

"नाही. खुर्ची दिली."

आजीने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. मग म्हणाली, "अरे, मलाही दिली परवा. पोर काय खाते, कशी झोपते, कशाला घाबरते, सगळं विचारून घेतलं. मी म्हटलं, बाई, एवढं शिकलीस, तुला कॉलेजात हे सांगितलं नाही का? तर हसली. इथे सगळ्यांनाच बसवतात."

मी म्हणालो, मरणाऱ्यांच्याच माणसांना बसवतात. आजीने सिल्व्हाकडे बोट केलं. सिल्व्हाने त्याच वेळी दह्याची वाटी जमिनीवर पालथी घातली.

"ही मरायला टेकलेली दिसते तुला?"

मी खाटेच्या कडेवर बसलो. आधी डोक्यात एकच गोष्ट होती, आता दोन झाल्या आणि त्या एकमेकींशी जुळेनात. मी विचारलं, मग आपल्याला विचारतात कशाला, त्यांना ठाऊक नाही म्हणून?

"मग काय ठाऊक असताना विचारतील? तू पावाची गाडी घेऊन नव्या गावात शिरलास की दुकान कुठे ते विचारत नाहीस? त्याने तुला गाडी चालवता येत नाही असं होतं का?" आजी खाली वाकून दही पुसायला लागली आणि वाकल्या वाकल्याच बोलत राहिली. "आणि पोर तर काय गुणाची आहे तुझी. सुई टोचली तरी 'थँक्यू' म्हणते. सगळा वॉर्ड तिचं नाव काढतो. नाहीतर ही आमची अवदसा. कसं वळण लावलंस रे एकट्याने?"

मी काहीच वळण लावलं नव्हतं. मी दिमानाकडे पाहिलं. तिच्या मनगटावर लाल-पांढरा दोरा होता, मार्चच्या पहिल्या तारखेला आमच्याकडे मुलांना बांधतात तो. दरवर्षी तो बांधताना घरात भांडण. डावा हात, दोन गाठी, गोंडा बाहेरच्या बाजूला, आणि आईनेच बांधायचा. या वर्षी मी बांधला. उजव्या हाताला, कारण मला आठवलंच नाही, आणि एकच गाठ. तिने हात पुढे केला आणि म्हणाली, "थँक्यू, बाबा." मला किती बरं वाटलं होतं. पोर समजूतदार झाली, असं मी बेकरीत सांगितलं होतं.

हातात बॅग होती आणि बिस्त्राचा आवाज आठवला. ती स्वयंपाकघरात हसून म्हणायची, "दिमा शहाणी झाली की बॅग भर." मी तो विनोद समजायचो. दिमाना तोंडाळ पोर, तिच्यावरचा विनोद. बिस्त्रा मला नळी तुंबल्याची खूण सांगत होती हे मला तोवर कळलं नव्हतं.

पण लगेच दुसरा विचार आला. आई गेल्यावर कुठलं मूल शहाणं होत नाही? मी स्वतः पाच महिने गप्पच होतो. बेकरीत मलाही कोणी विचारलं असतं तर मी "बरं, थँक्यू"च म्हणालो असतो, आणि माझ्या डोक्यात काही नळी नाही. मग हे दुःख की पाणी? आणि उगाच काहीतरी बोललो आणि त्यांनी तिचं डोकं उघडलं, तर? आणि नाही बोललो, तर?

बॅग तशीच उघडी टाकून मी परत गेलो. दार आता उघडंच होतं. डॉक्टर फोनवर होत्या, त्यांनी तो ठेवला. मी उभ्या उभ्याच सांगितलं, उलटसुलट, आधी दोरा, मग बिस्त्राचं वाक्य, मग शेवटी जिल्ह्याच्या हॉस्पिटलातली ती खुर्ची. खुर्चीचं ऐकून सिस्टर पेन्का बाहेर गेली आणि पाणी घेऊन आली.

"मला कळत नाही, डॉक्टर," मी म्हणालो. "ती दुःखाने गप्प असेल. मी काय डॉक्टर नाही."

"मलाही कळत नाही," त्या म्हणाल्या. "म्हणून तर दोघं मिळून शोधतोय. गप्प कधीपासून झाली?"

मी म्हणालो, आई गेल्यापासून. त्यांनी विचारलं, अगदी तेव्हापासून? मी हो म्हणणार होतो. मग आठवलं की नाही. दफनाच्या दिवशी ती इतकी ओरडली होती की पाद्री थांबले होते. चाळिसाव्या दिवशी, आईच्या नावाने वाटायच्या उकडलेल्या गव्हाचं ताट तिने लाथेने उडवलं. फेब्रुवारीत मी वेणी वाकडी घातली म्हणून तिने मला बूट फेकून मारला, त्याचा वळ आठवडाभर खांद्यावर होता. म्हणजे सगळा हिवाळा ती दुःखातच होती आणि एक दिवससुद्धा शहाणी नव्हती.

"आणि थँक्यू म्हणाली ते पहिल्या मार्चला," मी म्हणालो. "त्याआधी नाही. त्यानंतर रोज."

डॉक्टरांनी ते लिहून घेतलं. माझं बोलणं कोणी लिहून घेतलंय असं मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. मग त्या म्हणाल्या की परवापर्यंत थांबायचं नाही. आधी नळीच्या कानामागच्या झडपेत बारीक सुई घालून आतला दाब मोजायचा, डोकं लगेच उघडायचं नाही. मी चालेल म्हणेन तरच. मी चालेल म्हणालो. इतका मोठा निर्णय इतक्या साध्या शब्दात होतो हे मला खरं वाटेना, म्हणून मी तो दोनदा म्हणालो.

सुई घालताना त्यांनी मला बाहेर काढलं नाही. मी दिमानाचा हात धरून होतो. दाब खूप जास्त निघाला. दुपारी तिला ऑपरेशनला नेलं. वेलिका आजी माझ्याशेजारी बाकावर बसली, तिने मला पनीर घातलेली बानित्सा खायला लावली आणि सिल्व्हाला माझ्या मांडीवर दिलं. सिल्व्हाने माझ्या शर्टाचं बटण तोडलं.

संध्याकाळ व्हायच्या आत डॉक्टर कोलारोवा बाहेर आल्या. नळीचं वरचं टोक बंद झालं होतं, ते बदललं. आणखी दोन दिवस गेले असते तर काय, हे मी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही. त्या म्हणाल्या, घरून फोन करायची वेळ आली तर वॉर्डाचा थेट नंबर देते, आणि फोनवर हेच सांगा, ती शहाणी झाली म्हणून. सिस्टरला सांगून त्यांनी ते वाक्य दिमानाच्या फाइलच्या पहिल्या पानावर बिस्त्राच्या नावाने लिहायला लावलं. मी ते पान पाहिलं. नाव नीट लिहिलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दिमानाने डोळे उघडले. बराच वेळ आपल्या मनगटाकडे पाहत राहिली.

"हा कोणी बांधला?"

"मी."

"चुकीच्या हाताला बांधलाय. आणि एकच गाठ. आई असती तर..."

एवढं म्हणून तिने भोकाड पसरलं. सिल्व्हा दचकून गप्प झाली. सिस्टर धावत आली, दुखतंय का विचारायला. मी म्हणालो, नाही, आईची आठवण आलीय. मला रडू येत होतं आणि हायसंही वाटत होतं. या दोन गोष्टी एका वेळी कशा वाटतात ते मला माहीत नाही. मी दोरा सोडला आणि डाव्या हाताला दोन गाठी मारून बांधला. दुसरी गाठ तिला सैल वाटली, म्हणून परत मारली.

राउंडला डॉक्टर कोलारोवा आल्या आणि त्यांनी खाटेजवळ खुर्ची सरकवली. म्हणाल्या, बसा, रात्र कशी गेली ते तुमच्याकडून ऐकू द्या.

मला सगळं ठाऊक होतं आता, तरी पायांतलं बळ गेलंच. आणि त्या खुर्चीकडे पाहताना ऑक्टोबरातल्या त्या म्हाताऱ्या डॉक्टरांचा चेहरा आठवला. मला विचारल्यावर ते थोडा वेळ थांबले होते. मला वाटलं होतं, सांगायचं ते सांगून झालं म्हणून थांबलेत. कदाचित ते खरंच विचारत होते. कदाचित बिस्त्राबद्दल मला ठाऊक असलेली एखादी गोष्ट त्यांना हवी होती, आणि मी म्हणालो, तुम्हाला जास्त कळतं. कदाचित तसं काही नसेलही. हे आता कोणाला विचारू?

"बाबा, बस ना," दिमाना म्हणाली. "उभा काय राहिलायस खांबासारखा? त्या विचारतायत."

मी बसलो.