तपासणीच्या दिवशी घरी थांब

मुदखेडजवळच्या शाळेतल्या देविका मॅडमचं साऱ्या तालुक्यात कौतुक. त्यांच्या तिसरीच्या वर्गात छडी नाही, आरडाओरडा नाही. "चुकलं तर चुकू दे, पण बोल," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. नांदेडहून रोज येणाऱ्या या बाईंचा पोरांना इतका लळा, की अंगात ताप असला तरी शाळा बुडवायला कुणी तयार नसे.

अशा बाईंनाही तपासणीने घाम फोडला. साहेब येणार, कुणालाही उभं करून वाचायला लावणार. एकोणतीस पोरं धडाधडा वाचत होती. तिसावी वर्षाराणी. ती अजून अक्षराला अक्षर जोडताना अडखळायची. आदल्या दिवशी शाळा सुटताना मॅडमनी तिला बाजूला घेतलं. "उद्या तू नको येऊस हं, बाळा. घरीच थांब." रागावल्या असत्या, तर पोरगी रडून तरी मोकळी झाली असती. पण मॅडम गोड बोलल्या, म्हणून ती निमूट मान हलवून गेली.

तपासणी झोकात झाली. 'या वर्गात प्रत्येक मूल रमते,' असं साहेबांनी शेरेबुकात लिहिलं. मॅडमनी त्याचा फोटोही काढून ठेवला.

दुसऱ्या दिवशी वर्षाराणीची आई कस्तुराबाई तिचा हात धरून वर्गाच्या दारात आली.

"म्याडम, पोरगी काल घरीच बसून राहिली. म्हनती, म्याडमनंच थांब म्हनलं. वर्गात साथ-बिथ आली का काय? लेकरायची लई काळजी घेता बगा तुमी."

मॅडमना मेल्याहून मेल्यासारखं झालं. या बाईने त्यांच्या पापालाही माया मानलं होतं. खरं सांगायला त्यांनी तोंड उघडलं, पण बाहेर पडलं भलतंच. "हो, जरा... खोकल्याची साथ होती."

वर्षाराणीला कारण पक्कं ठाऊक होतं. आठवडाभर वाचनाचाच तर सराव चालला होता. तिने एकदा मॅडमकडे पाहिलं आणि आईला म्हणाली, "हाव आई. परवा लई पोरं खोकलत होती."

आठ वर्षांची पोर आपल्यासाठी खोटं बोलली! आता मॅडमना राहवेना.

"नाही ओ कस्तुराबाई. साथ नव्हती. हिला वाचता येत नाही, साहेबांपुढे माझं नाव खराब होईल, म्हणून मीच हिला येऊ नको म्हणाले. चुकलं माझं."

सारा वर्ग ऐकत होता. कस्तुराबाईंनी पोरीचा हात घट्ट धरला. मग म्हणाल्या, "मंग आता हिला ठिवू, का नेऊ माघारी?"

"ठेवा," मॅडम म्हणाल्या. मान वर करायचीही त्यांना लाज वाटत होती.

कस्तुराबाईंनी पोरीचा हात सोडला. वर्षाराणी मात्र उंबऱ्याबाहेरच उभी राहिली.

"म्याडम," तिने हळूच विचारलं, "आज कुनी साहेब येनार न्हाईत ना?"