विशेषण बदललं, वाफा त्याच

मी पाटी बोलतेय. खरं तर पाट्यांनी बोलायचं नसतं, अंगावर लिहिलेलं नुसतं मिरवायचं असतं. पण मिरवलेलं खोटं निघालं की पत्र्यालाही कंठ फुटतो.

माझा जन्म एका पेंटरच्या हातून झाला. तेलाच्या जुन्या डब्याचा पत्रा त्यानं ठोकून सपाट केला, घासला, वरच्या दोन कोपऱ्यांना भोकं पाडली. त्याचं अक्षर मोत्यासारखं, पण इंग्रजीचा अर्थ लेकीला विचारावा लागे. लेक नळांना आणि दारांच्या मुठींना चकाकी देणाऱ्या कारखान्याच्या ऑफिसात होती. इंग्रजी चांगलं म्हणून नोकरी लागली होती, पण अजून कायम व्हायची होती.

कारखान्याच्या मागच्या खोलीत अ‍ॅसिडची टाकी. माल चमकण्याआधी तिच्यात बुडून निघे. त्या खोलीच्या दारासाठी मी.

"काय लिहू गं?" पेंटरनं विचारलं.

"'डेडली फ्यूम्स'. जीवघेण्या वाफा. तोंड न बांधता आत गेलं की खेळ खल्लास."

"मग लाल रंग घेतो," तो म्हणाला.

इंग्रजीतच का, असं कुणी विचारलं नाही. आपल्या भाषेत लिहिलं तर लोकांना कळेल, अशी साहेबांना धास्ती असावी.

तरी लाल रंग सगळ्यांना कळे. माणसं माझ्यासमोर थबकत, तोंडाला मास्क लावत, मगच आत जात. तेवढेच माझे मानाचे दिवस.

मग माल बघायला गिऱ्हाइकं आली आणि मला वाचून दारातूनच परतली. साहेबांनी लेकीला बोलावलं. "ताई, जरा सौम्य शब्द बघा की. लोक माल बघायला येतात, मयताला नाही."

तिनं 'डेंजरस' सुचवलं. साहेबांनी पाठ थोपटली. पेंटरनं माझ्यावर नारिंगी हात फिरवला. पुढं 'डेंजरस'ही टोचू लागलं, म्हणून 'हार्मफुल' आलं. म्हणजे मारत नाही, नुसता अपाय करतं.

"वाफ कमी झाली का गं?" पेंटरनं कुंचला हातात धरूनच विचारलं.

"होईल. हवा ओढणारा पंखा यायचाय."

"मग पंख्याच्या आधी शब्द कसा आला?"

"बाबा, तुम्ही रंगवा ना!"

पंखा आलाच नाही. शब्द मात्र वेळेवर येत राहिले. शेवटी मी पिवळी झाले आणि माझ्यावर 'अनप्लेझंट' उमटलं. पूर्वी जीव घेणाऱ्या वाफा आता फक्त नकोशा झाल्या, घरी ठाण मांडून बसलेल्या पाहुण्यासारख्या. माणसं थबकेनाशी झाली. मास्क खुंटीवर धूळ खाऊ लागले.

एकदा मोठं गिऱ्हाईक यायचं ठरलं. मागच्या खोलीच्या भिंतींचे पोपडे निघाले होते. मुकादमानं पेंटरलाच गाठलं. "बाबा, आतून एक हात मारून टाका. नाकाला रुमाल बांधा म्हणजे झालं."

पेंटरनं माझ्यावरून बोट फिरवलं. स्वतःचंच अक्षर होतं, तरी एकेक करून वाचलं.

"आणि रुमाल कशाला?" तो हसला. "थोडा वास येईल, एवढंच ना? शब्द माझ्या पोरीनं निवडलाय. बापाला फसवेल का ती?"

मी दारावर लटकत होते. तोंडावर पिवळा रंग, पोटात लाल. ज्यानं मला वाचा दिली त्यानंच माझ्या तोंडात थरावर थर कोंबले होते, आणि आता त्याच तोंडावर भरवसा ठेवून तो आत गेला. पत्र्याला ओरडता येत नाही. वारा असता तर निदान दारावर आपटले असते.

त्याला उचलून बाहेर काढलं. जीव वाचला, आवाज गेला. आता बोलतो ते कानाजवळ गेल्याशिवाय ऐकू येत नाही.

दुसऱ्या दिवशी लेक बापाची खरवडणी घेऊन आली. डोळ्यांना धार लागली होती. तिनं पिवळा थर काढला, नारिंगी काढला, खालचा लाल 'डेडली' वर येईपर्यंत हात थांबवला नाही. मला वाटलं, सुटले. पोरगी बापाच्या वळणावर गेली म्हणायची!

एवढ्यात साहेब आले. रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं.

"पाटी फारच खराब झाली हो," ते म्हणाले. "नवी करून घेऊ. बाबांच्या औषधाचं आम्ही बघतो. आणि ताई, तुम्ही कायम झालात, हे आज सांगणारच होतो."

 मग तिनं माझे खिळे उपटले. नव्या पाटीवर विशेषणच नाही म्हणे. नुसतं 'फ्यूम्स'. तेही तिनंच सुचवलं.

मला पिशवीत घालून तिनं घरी आणलं. पेंटरनं मला पाण्याच्या पिंपावर झाकण म्हणून ठेवलं, अक्षरं वर. शेजारीपाजारी पाणी प्यायला येतात, लाल अक्षरं बघतात आणि तहान नसल्याचं सांगतात. जिथं भ्यायचं तिथं कुणी भ्यालं नाही, इथं साध्या पाण्याला घाबरतात!

संध्याकाळी लेक कामावरून येते. मला उचलते, पाणी पिते आणि मला पालथी घालते.  बाप खोकत उठतो, मला सुलटी करतो, परत जाऊन बसतो. रोज हेच.

माझं फार मागणं नाही. पुन्हा दारावर लावा असंही म्हणत नाही. एखाद्या संध्याकाळी तिनं मला वाचावं, पाणी प्यावं, आणि होते तशीच ठेवावं.