अप्पांचं पापलेट

मालवणच्या बंदरावरचं ते हॉटेल सुर्व्यांनी निवडलं होतं. समुद्राकडची अख्खी भिंत काचेची. खाली धक्क्याला लागलेले ट्रॉलर, वाळत घातलेली जाळी, होड्यांवर बसलेले बगळे. शांभवीची आई रुद्राणी काचेला नाक लावून बघत राहिली. "अगं बाई, केवढं पाणी!" गडहिंग्लजला बी-बियाणांचं दुकान चालवणाऱ्या माणसाची बायको, समुद्र ती दुसऱ्यांदाच बघत होती. शांभवीचं मात्र पाण्याकडं लक्ष नव्हतं.

यशोधन सुर्वे आणि ती कागलच्या एमआयडीसीत एकाच कंपनीत. लग्न दोघांनी ठरवलं होतं, आज आईबापांची पहिली भेट होती. यशोधनचं आधीचं एक स्थळ मोडलं होतं. मुलीकडच्यांनी सुर्व्यांच्या दारात पाऊल टाकताच माशाच्या वासानं नाकाला पदर लावला होता. हे शांभवीच्या कानावर आलं होतं, म्हणून यशोधनच्या आईनं, निशिगंधाताईंनी "तुमच्याकडं चालतं ना गं?" असं विचारताच शांभवी बोलून गेली होती, "आमच्याकडं सगळे खातात. अप्पांना तर पापलेट म्हणजे जीव की प्राण."

ती स्वतः ऑफिसातल्या मैत्रिणींबरोबर खायला शिकली होती. तिचे वडील, अप्पा, मात्र लिंगायत; गळ्यात जन्मापासून लिंग. घरात अंड्याचं कवचही कधी आलं नव्हतं. अप्पांना तिनं एवढंच सांगितलं होतं, तिथं व्हेजसुद्धा मिळतं. सुर्व्यांना खरं सांगायचं ती रोज उद्यावर ढकलत आली होती.

वेटरनं शेवंडीचं, म्हणजे लॉबस्टरचं, भलंमोठं ताट आणून मधोमध ठेवलं. लालभडक, मिशा वर. रुद्राणीनं पदर तोंडाशी नेला आणि लगेच खाली घेतला.

"गुरुसिद्धअप्पा, तुमच्यासाठी पापलेट सांगितलंय," निशिगंधाताई म्हणाल्या. "शांभवीनं सांगितलंय मला सगळं. जीव की प्राण म्हणे!"

अप्पांनी शांभवीकडं पाहिलं. एकदाच. तिनं मान खाली घातली.

"व्हय," अप्पा सावकाश म्हणाले. "आवडतंय की. पन सध्या सोडलंय. पोरीचं लगीन हुईपर्यंत न्हाय खायचं, असा नेम केलाय."

शेतकरी अप्पांच्या नुसत्या तोंडच्या शब्दावर बियाणांची गाडी भरून न्यायचे. त्या तोंडातून आज तिच्यापायी हे निघालं होतं.

निशिगंधाताईंचे डोळे भरून आले. "ऐकलंत?" त्या नवऱ्याला म्हणाल्या. "पोरीसाठी आवडता घास सोडलाय त्यांनी. मग आपल्या घशाखाली कसं उतरेल? अहो, हे सगळं परत पाठवा. आज आपणही वरणभातच खाऊ. आणि अप्पा, लग्न झाल्यावर पहिलं पापलेट माझ्या हातचं. शब्द द्या."

अप्पांचा हात नकळत सदऱ्यावरून छातीशी गेला. "खाऊ की," ते म्हणाले.

वेटर ताट उचलायला वाकला, तेव्हा शांभवीला राहवलं नाही. "नका पाठवू! नेमबिम काही नाही. आमच्याकडं कुणीच खात नाही. मी खोटं सांगितलं होतं."

यशोधन तिच्याकडं बघतच राहिला. निशिगंधाताई मात्र तिच्याकडं बघत नव्हत्या. त्या अप्पांकडं बघत होत्या. "म्हणजे... आत्ता तुम्ही बोललात ते?"

तेव्हा कुठं शांभवीला कळलं की आपण काय केलं. खोटं तिचं होतं. पण भर टेबलावर खोटा ठरला होता बाप.

अप्पा उठले. त्यांनी हात जोडले. "खोटं बोललो, ताई. चुकलं माजं."

"अहो, बसा, बसा," सुर्वे गडबडून म्हणाले. पुढं वरणभात आला. सगळे जेवले, म्हणजे घास खाली ढकलत राहिले. निघताना निशिगंधाताई शांभवीला म्हणाल्या, "त्या आधीच्या लोकांनी निदान तोंडावर नाक मुरडलं होतं गं."

परतीच्या वाटेवर घाट चढून आल्यावर अप्पांनी चहाला गाडी थांबवायला लावली. धुक्यात दोघं बापलेक कठड्यापाशी उभी राहिली.

"अप्पा, मी तुम्हाला खोटं बोलताना बघू शकले नाही."

"मी बोललोच हुतो की. पचवलं असतं." त्यांनी कप खाली ठेवला. "तू मासं खातीस, त्येचं मला काय न्हाय. तुजं तोंड, तुजं पोट. पन आमी जसं हाय तसं सांगायची तुला लाज वाटली. त्ये लागलं बघ."



तिसऱ्या दिवशी गडहिंग्लजच्या घरी निशिगंधाताईंचा फोन आला. शांभवीनं उचलला. "अप्पांना दे," एवढंच त्या म्हणाल्या. फोन देऊन ती स्वयंपाकघरात गेली आणि दाराआड उभी राहिली.

"न्हाय ताई," बाहेरून अप्पांचा आवाज येत होता. "पोरगी वाईट न्हाय. तुमी लगीन मोडाल म्हनून भ्याली... तुमी या की आमच्याकडं. जे हाय ते वाढू... व्हय, पोराला घेऊनच या."

ओट्यापाशी उभ्या आईनं विचारलं, "काय म्हणत्यात गं?" "येणार आहेत आपल्याकडं," शांभवी म्हणाली. तिला बाहेर जाऊन अप्पांसमोर उभं राहायचं होतं, पण पाय उंबरठ्याबाहेर पडेना.