हिरडीवरची मिश्री

साधना सकाळी मोरीत चूळ भरायची तेव्हा पाणी लाल व्हायचं. पाचवा महिना चालू, आणि भाकरीचा तुकडा चावला तरी हिरड्या ठणकायच्या. तुमच्याआमच्या घरात असं झालं की आपण काय करतो? काही नाही! डोळा जरा लाल झाला तर दवाखाना गाठतो, आणि तोंडातून रक्त आलं तर म्हणे उष्णता!

साधनाची सासू तुळजाबाई. पौडच्या वरच्या अंगाला वाडीत राहणारी, बोलायला फटकळ. तिनं एक दिवस सुनेच्या हातातला ब्रशच काढून घेतला.

"रगत येतंय तरी घासतीस? मिश्री लाव. दोन दिसात बरं वाटंल."

तव्यावर तंबाखू काळी होईस्तोवर भाजली, कुटली आणि स्वतःच्या हातानं सुनेच्या बोटावर ठेवली. साधनाला पहिल्या दिवशी घेरी आली. दुसऱ्या दिवशी मळमळलं. आठवड्यानं मात्र ठणका थांबला, रक्तही कमी झालं. तुळजाबाईला कोण आनंद! साधनाचा नवरा कैलास भूगावला एका बिल्डरकडं टेम्पो चालवतो. टेम्पोची काच रोज पुसतो, पण बायकोच्या तोंडात काय चाललंय हे त्यानं एकदाही विचारलं नाही. "आई हाय की बघायला," एवढंच त्याचं म्हणणं.

सातव्या महिन्यात साधनाचा समोरचा दात हलायला लागला, तेव्हा कुठं सासू-सून पौडला दातांच्या डॉक्टरकडं गेल्या. जया मॅडमनी तोंड तपासलं आणि त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"मिश्री किती वेळा लावतेस?"

"चारदा. न्हाई लावली तर डोकं दुखतं," साधना खाली बघत म्हणाली.

"म्याच दिली," तुळजाबाई ताठ्यात म्हणाली. "रगत थांबलं का न्हाई?"

"मावशी, दुखणं दबलं, रोग नाही थांबला! तंबाखूनं हिरडी बधिर झाली, रक्ताच्या बारीक नळ्या आकसल्या. दाताच्या कडेला घाण साचली म्हणून रक्त येत होतं. ती काढायची सोडून तुम्ही घासणंच बंद केलंत. आता आत पू झालाय. हा दात वाचायचा नाही. आणि हिच्या गरोदरपणाच्या कार्डावर काय लिहिलंय बघा, बाळाचं वजन कमी भरतंय. तंबाखू त्याच्यापर्यंतही पोचते."

"माझ्या सासूनं मला बी दिली व्हती. मी काय मेले?"

"तुमचे दात किती राहिलेत?"

अठ्ठेचाळीस वर्षांच्या तुळजाबाईनं तोंड मिटलं. पाच राहिले होते. मग एकदम खुर्ची धरून पुढं वाकली.

"बाई, कैलासच्या आदी मला दोन झाली व्हती. लई बारकी. आठ दिस बी जगली न्हाईत. ती माझ्या मिश्रीनं गेली का वो?"

जया मॅडमना खोटं बोलवेना. "ते आता कुणालाच सांगता यायचं नाही, मावशी. पण तसं होऊ शकतं."

अरेरे! त्या बाईचा चेहरा कुणाला बघवला नसता.

साधनाचा दात गेला. बावीस वर्षांची पोर, आता पदर तोंडाशी धरून हसते. हिरड्या मॅडमनी साफ करून दिल्या. मऊ ब्रशनं दोन वेळा घासताना पहिले काही दिवस रक्त आलंच, पण तुळजाबाई शेजारी बसून म्हणायची, "येऊंदे. हळू घास, पर सोडू नगंस." मिश्री सुटताना साधनाचं डोकं फुटायची वेळ आली, तरी सुटली. मुलगी झाली. अशक्त झाली, पण जगली.

कैलास पेढे घेऊन आला, तेव्हा त्याची आई त्याच्यावर कडाडली, "पेढं नंतर! बायकोच्या तोंडात आदी बघायला काय झालं व्हतं तुला?"

वाचकहो, हिरडीतून रक्त आलं तर ब्रश टाकू नका. मऊ ब्रशनं, हलक्या हातानं, रोज दोनदा घासा आणि दातांच्या डॉक्टरला दाखवा. मिश्री औषध नाही, विष आहे. मायेनं दिली तरी विषच!

तुळजाबाई आता नातीला मांडीवर घेऊन एकच बोलते, "माझी दोन गेली तवा मी देवाला शिव्या दिल्या. आता कुणाला देऊ?"