बानाबाईचे चार तारे

हनुमानला वाटलं, आपण बायकोसाठी लई मोठं काम केलं. वाळूजच्या कारखान्यांकडं जाणाऱ्या शिफ्टच्या बसमध्ये त्यानं एकेकाचा फोन हातात घेतला, ‘गावगळा’ नावाचं ॲप टाकलं आणि बायकोच्या, ज्ञानेश्वरीच्या, गाण्याला पाच-पाच तारे देऊन टाकले. जे डुलक्या घेत होते त्यांनीही दिले म्हणा ना!

गावगळा जुन्या गाण्यांचे शौकीन चालवायचे. कुणीही गाणं टाकावं, ऐकणाऱ्यांनी तारे द्यावेत आणि वर राहणाऱ्यांना संभाजीनगरच्या संमेलनात गायला बोलवावं, अशी रीत. ज्ञानेश्वरीनं आईकडून शिकलेल्या जात्यावरच्या ओव्या टाकल्या होत्या. दौलताबादला नांदायला आल्यापासून ती गायची ती भांडी घासताना, तेही हळू. एकदा तरी माणसांसमोर मोकळ्या गळ्यानं गावं, एवढीच तिची आस होती.

सकाळी बघते तर बसचे सगळे तारे गायब. एकच मत उरलेलं. चार तारे, बानाबाई.

म्हणजे सासू! ज्ञानेश्वरीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. बानाबाई शेरडं राखता राखता दिवसभर फोनवर गावगळावरची गाणी ऐकायची, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. पण परक्यांनी पाच द्यावेत आणि घरच्या माणसानं हात आखडावा? भांडी जरा जोरातच आपटली तिनं.

दुपारी ॲपवाल्या श्रेयाचा फोन आला.

“ताई, तुमच्या गाण्यावर एकदम एवढे पाच तारे पडले, अन् गाणं ऐकलेलं कुणीच नाही. ते तारे आम्ही काढले. असल्या खोट्या ताऱ्यांचं गाणंही काढूनच टाकतो.”

ज्ञानेश्वरीचा जीव टांगणीला लागला.

“पण बानाबाईंचं मत दिसलं, म्हणून थांबलो,” श्रेया म्हणाली. “आम्ही सगळ्यांचा तारा सारखा मोजत नाही. जो शेवटपर्यंत ऐकतो आणि फिक्याला फिकं म्हणतो, त्याच्या ताऱ्याला वजन जास्त. या बाई तर भल्याभल्यांना दोनवर बसवतात. चार त्यांनी आजवर कुणालाच दिले नव्हते. मग आम्ही सगळ्यांनी बसून तुमचं गाणं ऐकलं. संमेलनाला याल ना?”

आता गप्प राहिली असती तरी चाललं असतं. पण ज्ञानेश्वरीला राहवेना.

“त्या माझ्या सासूबाई आहेत,” ती म्हणाली.

पलीकडून श्रेया हसली. “सासूनं चार दिले? मग ते पाचाच्याही वर झाले. याच तुम्ही.”

ज्ञानेश्वरी परसात गेली. बानाबाई शेरडांना पाला टाकत होती.

“आत्याबाई, पाचवा तारा दृष्ट लागू नये म्हणून ठेवला व्हय?”

“दृष्ट कसली? तिसऱ्या ओवीत भाऊ दारात आला, अन् तू त्याला बसूसुद्धा दिलं नाय. पाणी नाय, इचारपूस नाय. पळतच पुढं गेलीस.”

खोटं नव्हतं. गाणं फोनमध्ये भरताना ज्ञानेश्वरीचं अर्धं लक्ष भाकरीवर होतं.

“तवा तापला होता,” ती पुटपुटली.

“ठावं हाय. अन् भाकर मागत मीच भाईर बसले होते. उठून तवा मी बघाया पायजे होता. तुझा पाचवा तारा माझ्यापायी गेला, पोरी.”

ज्ञानेश्वरी पाया पडायला वाकली, तर म्हातारीनं तिला मधेच धरलं आणि चुलीपाशी नेलं. पिठाची काठवट आपल्याकडं ओढली.

“म्हण आता. भाकरीला मी हाय.”

ज्ञानेश्वरीनं भावाची ओवी धरली. भाऊ दारात आला, टेकला, आईची खुशाली सांगू लागला. बानाबाई भाकरी थापत राहिली. ओवी संपली तेव्हा एवढंच म्हणाली, “आता पाणी प्याला त्यो.”

ज्ञानेश्वरीला रडू आवरेना. आईनंतर आपलं गाणं इतकं जीव लावून ऐकणारं माणूस याच घरात होतं, आणि तिला ते आज कळलं होतं.