जटांच्या आधीचे बारा दिवस

मित्रांनो, मी एक जुना काळा कंगवा आहे. माझा जन्म साच्यातला. एका दणक्यात आम्ही चाळीस भाऊ बाहेर पडलो. त्यातला एक म्हणे थेट राजाच्या मिशीला लागला. मी दोन बहिणींच्या घरी आलो, न्हाणीघरातल्या आरशाखाली.

धाकटी बेकरीत कामाला होती. पिठाचं पोतं उचलताना तिचा उजवा खांदा गेला आणि तेव्हापासून तो हात कानाच्या वर जाईना. म्हणून रोज सकाळी ताई तिचे केस विंचरायची. केस तरी केवढे! एकदा त्यांत शिरलो तो तिसऱ्या दिवशी बाहेर पडलो, असं मी सगळ्यांना सांगतो. खरं तर तीन मिनिटांत उरकायचं, कारण ताईला बस गाठायची असायची. अशाच एका घाईत माझा एक दात अर्ध्यातून तुटला. कुणी पाहिलं नाही. मलाही काही वाटलं नाही.

मग ताईला दुसऱ्या गावी नोकरी लागली. रविवारी निघायचं होतं. आता रोज कोण विंचरणार? धाकटीने तोडगा काढला: ड्रेडलॉक्स. म्हणजे केसांच्या जटाच वळून घ्यायच्या. मग कंगव्याचं नाव नको.

"त्यापेक्षा कापून टाक," ताई म्हणाली.

"मग म्हणशील, कोंबडीसारखी दिसतेस."

"ते आत्ताही म्हणते."

बुधवारी पार्लरमध्ये जायचं ठरलं. आदल्या संध्याकाळी ताईने मायेने वाटीभर तेल धाकटीच्या डोक्यात जिरवलं. केस मऊ झाले की वळायला सोपे जातील, असं तिला वाटलं.

पार्लरवालीने केसांना हात लावला आणि बोटं टॉवेलला पुसली. "अहो, मी जटा वळते, सायकलच्या चेनला वंगण नाही घालत! तेलावर जट धरतच नाही. साध्या शाम्पूने दोनदा धुवायचं, वर कंडिशनर नको. आणि मुळापर्यंत वाळवायचं, नाहीतर ओल आत राहून कुबट वास येतो."

तिने स्वतःच केस धुतले, वाळवले आणि गुंता काढायला ताईकडून मला घेतलं. मी कानामागे पोचलो आणि धाकटी दचकली. पार्लरवालीने केस बाजूला केले. तिथे नखाएवढी ओली जखम होती. तिने माझ्या दातांवरून अंगठा फिरवला.

"या तुटक्या दाताने झालीय. बरेच दिवस."

ताईचा चेहरा उतरला. "बोलली का नाहीस गं?"

"तुझी बस चुकली असती."

"जखमेवर केस ओढले तर चिघळेल," पार्लरवाली म्हणाली. "आधी भरू दे. दहा-बारा दिवस."

"मी रविवारी चाललेय."

"डोक्याला रविवार कळत नाही हो."

त्या गेल्या. मी पार्लरच्या खिडकीत राहिलो. बारा दिवस समोरची भिंत पाहिली. भिंत पांढरी होती.

बाराव्या दिवशी धाकटी एकटीच आली. केस स्वच्छ, कोरडे, गुंता नाही.

"कुणी सोडवले?" पार्लरवालीने विचारलं.

"रविवारपर्यंत ताईने. नुसत्या बोटांनी, तास-तासभर बसून. पुढे मी, डाव्या हाताने."

जखमेच्या जागी नुसती गुलाबी खूण उरली होती. नव्या कंगव्याने डोक्यावर भांगांचे चौकोन पाडले आणि एकेक जट वळली गेली. शेवटच्या जटेला फोन वाजला. ताईचा.

"झालं?"

"झालं."

"दुखतंय?"

"नाही."

"खरं सांग."

धाकटीने डाव्या हाताने एकेक जट चाचपली. मग म्हणाली, "डाव्या कानावर एक फार ओढली गेलीय."

"मग सांग की त्यांना!"

पार्लरवालीने ती जट सोडली आणि सैल करून पुन्हा वळली.

तर मित्रांनो, जटा करा नाहीतर वेणी घाला, आधी डोकं स्वच्छ धुवा, नीट वाळवा आणि कानामागे बघा. कंगव्याच्या दातांवरून बोट फिरवा. तुटला असेल तर खुशाल टाकून द्या, आम्हाला काही वाटत नाही. पण दुसऱ्याचे केस हातात असतील तर मधेच थांबून विचारा, दुखतंय का. आणि पहिल्या उत्तरावर जाऊ नका. खरं उत्तर यायला वेळ लागतो.